चार बोटं वर

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले की मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागायला लागते, म्हणजे हा विषय निघायला नको. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरी येणार नाही. आमचं कपाट उघडून बघणार नाही.

कपाटाचीच गोष्ट आहे. मुलुंडला आमचा वन बीएचके, बेडरूमच्या भिंतीत एक खोल कोनाडा, आणि त्या कोनाड्यात मी स्वतःच्या हातांनी बनवलेलं कपाट. येणारा-जाणारा ते बघून तोंडात बोट घालतो. 'तुम्ही केलंत? एकटीने?' मी मान डोलावते. दारं अजून एका बोटाने उघडतात, खण आवाज न करता सरकतात. चुकलंय कुठे, तर कुठेच नाही. मापात तर अजिबातच नाही — तेच तर सांगायचंय.

आधी तिथे सासूबाईंचं लोखंडी कपाट होतं. मी त्यांना आई म्हणायचे. ते कपाट तळाशी गंजलं, दार घासायला लागलं, मूठ तर दोन्ही हातांनी जोर लावल्याशिवाय फिरेना. आई पंचाहत्तरीच्या पुढच्या, एक खांदा आखडलेला, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. साडी हवी असली की हाक मारायच्या आणि आम्ही कोणीतरी जाऊन मूठ फिरवून द्यायचो. सुतार बोलावला, तो 'उद्या येतो' म्हणून तीनदा आला नाही. मग मीच पदर खोचला. मोबाइलवर व्हिडिओ बघितले, कोनाडा चार वेळा मोजला, दुकानातून प्लाय मापाने कापून आणलं, ड्रिल मशीन मागून आणली. सुहास, माझा नवरा, म्हणाला, 'भिंतीची वाट लावशील, बघ.' मी नाही लावली. 

बघा, मी प्लायबद्दल किती बोलतेय. चुकवतेय मी. किल्लीबद्दल बोलायला हवं.

लग्न होऊन आले तेव्हा त्या लोखंडी कपाटाची किल्ली आईंच्या कमरेला असायची. माझ्या माहेरच्या साड्या, दोन बांगड्या, माझ्या बीएडपर्यंतच्या सर्टिफिकेटांची फाइल — सगळं त्याच्या आत. घरात दुसरं कपाट नव्हतं, हे मान्य. पण माझीच साडी मागायला गेले की त्या आधी माझ्याकडे बघायच्या, मग विचारायच्या, 'कित्याक व्हयी?' कशाला हवी. प्रत्येक वेळी. चेंबूरला माझ्या आईकडे जायचं तरी कित्याक, हळदीकुंकवाला जायचं तरी कित्याक. मी कारण सांगायचे, त्या ते तोलून बघायच्या, आणि मग कमरेची किल्ली निघायची. चोवीस वर्षांची मुलगी स्वतःच्या साडीसाठी कारण देत उभी. कधी उभे राहिलायत तुम्ही असे?

आणि मग ती मुलाखत. एका शाळेत शिक्षिकेची कायमची जागा होती. बोलावणं आलं तेव्हा मी आईंना तारीख सांगितली होती, दोनदा सांगितली होती, सगळी सर्टिफिकेटं मूळ लागतात हेही सांगितलं होतं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्या कुडाळला गावी निघून गेल्या, जत्रेला. किल्ली कमरेला. सुहास म्हणाला, कुलूप कशाला तोडायचं, आई आल्यावर बघू. मी रिकाम्या हाताने गेले. शाळेतल्या बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, कागद घेऊन पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी माझ्या पोटात मुलगी होती. त्यानंतर मी बावीस वर्षं घरी शिकवण्या घेतल्या, आमच्या बाहेरच्या खोलीत, सतरंजीवर. आई गावाहून आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, 'इसारलंय गो.' विसरल्या. पण मी विसरले नाही. एक दिवससुद्धा नाही. भांडी घासताना, मुलांचे पाढे घेताना, त्यांच्या गुडघ्याला तेल लावताना — नाही विसरले.

आता कपाट.

डावी बाजू आईंची करायची ठरलं. खाली अंथरुणं, कमरेच्या उंचीवर परकर-पोलक्यांचा खण, त्याच्या वर रोजच्या साड्या अडकवायला आकडे, आणि सगळ्यांत वर चांगल्या साड्यांची फळी. त्यांना वाकता येत नव्हतं, हात फार वर जात नव्हता, म्हणून मी त्यांना मुद्दाम बोलावलं. म्हटलं, 'आई, इथे उभ्या राहा. हात वर करा, दुखेल तिथे थांबा.' त्यांनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. बोटं जिथे टेकली तिथे मी प्लायवर पेन्सिलने रेघ मारली. हे खरं सांगते, तोवर माझ्या मनात काहीही वाईट नव्हतं. मी रेघेवरच चार भोकं पाडली, फळी पेलणाऱ्या खुंट्या बसवायला. त्या बाजूला पलंगावर बसून बघत होत्या, एवढ्या खूश की मांडीवर हात आपटत म्हणाल्या, 'बरा झाला गो. आता माका साडी व्हयी झाली तर कोणाक विचारूक नको.'

कोणाक विचारूक नको!

काय झालं मला तेव्हा, ते नीट सांगता येणार नाही. डोक्यात सणक गेली. हिला विचारावं लागू नये म्हणून मी घाम गाळतेय? मी? त्यांना आठवतही नव्हतं. ज्या तोंडाने मला वर्षानुवर्षं 'कित्याक' विचारलं, त्याच तोंडाने हे वाक्य इतक्या सहज आलं! 'चहा घ्या जाऊन,' म्हटलं. त्या बाहेर गेल्यावर मी रेघेच्या वर स्वतःची चार बोटं आडवी ठेवली आणि त्यांच्या वर पुन्हा भोकं पाडली. फळी तिथे बसवली. वर पुढच्या कडेला दोन बोटं उंच पट्टीही ठोकली — कोणी विचारलंच तर साड्या घसरू नयेत म्हणून. कोणीही विचारलं नाही.

काय हवं होतं मला? सांगते. त्यांनी मला हाक मारायला हवी होती. 'साडी काढून दी गो.' आणि मी हात पुसत येणार, त्यांच्याकडे बघणार, आणि विचारणार — कशाला हवी? बस. एवढं एकच वाक्य. मी ते तयार ठेवलं होतं. स्वयंपाक करताना मनातल्या मनात म्हणून बघायचे, किती हळू म्हणावं, कुठे थांबावं. तुम्हाला हसू येईल. मला तेव्हा खूप सुख वाटायचं त्यात, खोटं कशाला बोलू.

कपाट पूर्ण झालं त्या दिवशी आई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. हात वर केला. दुखत असूनही ताणला, तरी बोटं कडेच्या पट्टीलाच लागली, आत गेली नाहीत. मग त्यांनी पेन्सिलची रेघ बघितली. रेघेवरची रिकामी भोकं बघितली. फळी बघितली. मी मागेच होते. वाटलं, आता बोलतील. त्यांनी हात खाली घेतला आणि माझ्याकडे न वळता म्हणाल्या, 'बरा केलंस गो. मजबूत आसा.'

त्यांना कळलं होतं. मला शंका नाही.

आणि त्यांनी मला कधीच हाक मारली नाही. कधीच! आकड्यांवरच्या दोन साड्या आलटून पालटून नेसायला लागल्या. दर गुरुवारी खालच्या हॉलमध्ये बायकांचं भजन असायचं, तिथे त्या नेहमी नीटनेटक्या जायच्या. ते बंद झालं. बायका विचारायला आल्या तर म्हणाल्या, 'पाय दुखतत.' सुहासला सांगितलं असतं तर त्याने एका हाताने साडी काढून दिली असती. नाही सांगितलं. मी वाट बघत होते आणि त्या मला ते वाक्य म्हणू देत नव्हत्या. मला दया आली असेल असं वाटतं तुम्हाला? माझा राग वाढला. म्हटलं, एवढा ताठा? बघू कोण आधी वाकतं.

मग बोरिवलीचं लग्न आलं. आईंच्या धाकट्या बहिणीच्या नातीचं. आई महिनाभर त्याचंच बोलत होत्या. आम्हा दोघांना विधींसाठी पहाटेच निघायचं होतं, आणि त्यांना दहा वाजता त्यांचा भाचा बाळा गाडीने घेऊन येणार होता. नेसायची होती जांभळी नारायणपेठ, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती होती वरच्या फळीवर.

मी पुढे सगळ्यांना सांगितलं की साडी खाली काढून ठेवायची राहूनच गेली, रिक्षात बसल्यावर आठवलं. तेही खोटं. मला दारातच आठवलं होतं. चपला घालताना. मी चपलेचा पट्टा लावला आणि बाहेर पडले. दिवसभर मोबाइल हातात धरून बसले होते — फोन करतील, आता तरी करतील, एवढ्या लग्नासाठी तरी करतील. फोन आला नाही. बाळा एकटाच हॉलवर आला. 'मावशीला बरं वाटत नाय म्हणाली. मी बोललो थांबतो, तर मलाच रागावली. जा बोलली, मुहूर्त चुकेल.'

बाळा सहा फूट उंच आहे. तो त्या कपाटापासून चार पावलांवर उभा होता. त्याला सांगायला काय हरकत होती? पण त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, एवढ्या उंच कोणी ठेवली? आणि मग माझं नाव निघालं असतं, आणि तेही लग्नघरी. त्या बोलल्या नाहीत. माझ्यासाठी नाही बोलल्या, की माझ्याकडून काहीही नको म्हणून? मला अजून कळलेलं नाही. दोन्ही सारखंच लागतं.

संध्याकाळी आम्ही परत आलो. सुहास खाली गाडीवाल्याशी बोलत होता, मी आधी वर आले. आई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. केसांत गजरा होता, सुकलेला. गळ्यात मोहनमाळ. अंगात जांभळं पोलकं, नारायणपेठेवर शिवलेलं. आणि त्यावर घरातली विटकी, पिवळट साडी नेसलेली. सगळी तयारी केली होती त्यांनी, तेवढी एक सोडून. कपाटाचं दार उघडं, खाली जमिनीवर छत्री पडलेली. वर जांभळ्या साडीचं एक टोक पट्टीवरून खाली आलेलं, वीतभर. छत्रीच्या मुठीने तेवढंच आलं असणार.

'बरा वाटना नाय होता,' त्या म्हणाल्या. मी विचारलंही नव्हतं.

आता ऐका. इथे तुम्हाला वाटत असेल की मी रडले, त्यांच्या पायाशी बसले. मी छत्री उचलून तिच्या जागी ठेवली. मग कपाटाशी गेले, हात वर केला, आणि साडीचं ते टोक आत सारलं. नीट, घडी मोडू न देता. दार लावलं. आई बघत होत्या. मी त्यांच्यासमोर केलं ते, त्या बघत असताना केलं, आणि मला बरं वाटलं. फार वेळ नाही, पण वाटलं.

फळी खाली घ्यायला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नव्हता. चार खुंट्या उपटायच्या आणि रेघेवरच्या भोकांत बसवायच्या. ती भोकं तयारच होती. दहा मिनिटांचं काम. आई त्यानंतर सव्वा वर्ष जगल्या. त्या सव्वा वर्षात मी घरातले तीन नळ दुरुस्त केले, बाल्कनीत कपडे वाळत घालायची दोरी बदलली, शेजारच्या काकूंना चपलांचं रॅक बनवून दिलं. ते काम केलं नाही.

त्या गेल्या तेव्हा जमलेल्या बायकांपैकी कोणीतरी म्हणालं, चांगली साडी काढा गं त्यांची. मी गेले आणि जांभळी काढून आणली. कशाला हवी, असं कोणी विचारलं नाही. बोरिवलीची मावशी ती साडी अंगावर घालताना रडत म्हणाली, 'माझ्या नातीच्या लग्नात नेसूची होती गो हिका.' मी साडीचं दुसरं टोक धरलं.

मुलगी परवा घरी आली होती. तिला कपाटात ती रेघ दिसली. 'आई, हे काय गं, पेन्सिल राहिलीय, खोडरबर आण.' मी म्हटलं, राहू दे. ती रेघ आहे तिथे आहे, भोकंही आहेत. चार बोटं वर फळी आहे, आणि आता तिच्यावर माझ्या साड्या असतात. माझा हात पोचतो.