ब्राइनाचं नाव

होंगक्यूच्या आमच्या ज्यू निर्वासितांच्या गल्लीत मालका नावाच्या माझ्या शेजारणीसारख्या बारीक शेवया कुणालाच कापता येत नसत. व्हिएन्नाहून आलेली, अंगाने काटकुळी, तोंडाने तिखट. शांघायच्या त्या एका खोलीत मधे चादर बांधून अलीकडे मी राहायची, पलीकडे ती आणि तिचा नवरा ओसियास. तिची आई ब्राइना तिकडेच अडकली होती. युद्ध पसरलं तशी म्हातारीची पत्रंही थांबली.

मालकाला मुलगी झाली आणि बाळंतपणातच तिला ताप चढला. मुलीचं नाव बापाने शनिवारच्या प्रार्थनेत जाहीर करायचं, ही आमची रीत. ठेवायचं तेही घरातल्या गेलेल्या माणसाचं. जिवंत माणसाचं ठेवलं तर मृत्यूचा दूत त्याच्या दारात येतो म्हणतात. ओसियास परस्पर जाऊन 'ब्राइना' ठेवून आला. शहाणाच तो!

"माझी आई मेली, असं तुला कुणी सांगितलं रे?" मालका अंथरुणातून ओरडली.

"अगं, इतक्या दिवसांत एक ओळ तरी आली का?"

"म्हणून जिवंतपणी पुरलीस तिला?"

ओसियास मान खाली घालून बूट पुसत बसला. मला त्याचीही दया आली.

आणि मग रेड क्रॉसमार्फत चिठ्ठी आलीच. म्हातारी ठणठणीत होती. "तुला दिवस गेल्याचं कळलं. बाळाचं नाव काय?" मालकाने चिठ्ठीचे मुके घेतले आणि लगेच तिचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून गल्लीत त्या नावाला बंदी. पोरीला सगळे नुसतं 'बाळी' म्हणायला लागले. चुकून कुणी नाव घेतलं तर मालका लाटणं घेऊन धावायची.

"हिंदा मावशी, आता आईला काय कळवू गं?" तिने मला विचारलं. उत्तरात पंचवीसच शब्द चालायचे.

"खोटं कळव. आईशी मुली कधी खरं बोलल्यात?"

तिने 'क्लारा' असं कळवलं. उत्तर येईपर्यंत बाळी चालायला लागली होती. मालकाचे हात पिठात होते, म्हणून चिठ्ठी मीच वाचून दाखवली.

"क्लारा? आपल्या घरात क्लारा नावाचं कोणी मेलं नाही. खोटं तुला लहानपणापासून जमत नाही. माझंच नाव ठेवलंस ना? राहू दे. बदलू नकोस. पुढे लागेलच. आई."

मालका एकदा हसली, आणि मग हुंदका फुटून खालीच बसली. चिठ्ठीवरची तारीख कित्येक महिन्यांपूर्वीची होती. म्हातारी आता कुठे असेल, हे आम्हा दोघींनाही विचारायचं नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने हात पुसले, दारात गेली आणि गल्लीत खेळणाऱ्या पोरीला हाक मारली,

"ब्राइना! ये गं आत, सूप निवतंय."