चौथ्या मजल्यावरची जानकी

घाटकोपरच्या भटवाडीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहणारी जानकी दोन वर्षं खाली उतरली नव्हती. वजन एकशे बत्तीस किलो आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. वजन उतरल्याशिवाय गुडघ्यांना हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं, म्हणून आधी पोटाचं ऑपरेशन ठरलं. आपल्या पायांनी जिना उतरावा आणि मासेवालीशी मनसोक्त घासाघीस करावी, एवढंच तिला हवं होतं.

तपासण्यांसाठी चौघांनी तिला खुर्चीत बसवून खाली नेलं, तेव्हा मजल्यामजल्यावर दारं उघडली. दुसऱ्या मजल्यावरची रतन ओरडली, "बघा गं, पालखी निघाली!" सगळे हसले. जानकीही हसली. न हसून करते काय?

हॉस्पिटलातल्या सिस्टरनं सगळं समजावलं. नंतर पोट मुठीएवढं राहील. आधी चमच्याचमच्यानं पाणी, मग पातळ, मग मऊ. केस गळतील, कातडी लोंबेल, गोळ्या जन्मभर. पण त्याआधी पंधरा दिवस फक्त प्रोटीनची पावडर, ताक, गाळलेलं सूप. भाताचं शीतसुद्धा नाही. जठरावर आलेलं लिव्हर या पथ्यानं आक्रसलं नाही, तर ऑपरेशन होत नाही. जानकीनं मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

चौथ्या दिवशी भुकेनं तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सासू अंजनाबाई ऐंशीची, कणकवलीकडची. तिच्या लेखी जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एकच पथ्य, उकड्या तांदळाची पेज. "पावडरीर माणूस जगता काय?" म्हणत तिनं वाडगा पुढे केला. "पातळच आसा. चालता मा गो?"

"चालतं," जानकी म्हणाली.

म्हातारी रोज विचारायची आणि जानकी रोज तेच सांगायची. आठवड्यानं तर तिनं स्वतःच तळातली शितं मागून घेतली.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी पोटात दुर्बीण घातली. फुगलेलं लिव्हर बाजूला सारताना रक्त यायला लागलं, म्हणून त्यांनी होतं तसं बंद केलं. जानकी शुद्धीवर आली तेव्हा पोटावर पट्ट्या होत्या आणि आतलं पोट जसंच्या तसं.

"काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं. नवरा, देवेश, शेजारीच उभा होता.

"सासूबाईंनी पेज दिली," जानकी म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून ते अगदी सहज जमलं.

घरी आल्याआल्या देवेश आईवर तुटून पडला. "आये, तुझ्यामुळे सगळी वाट लागली! उद्याच गावाक जा."

"माका वाटला, पेज म्हणजे पाणीच," म्हातारी रडत म्हणाली. मग सुनेकडे वळली. "मी रोज इचारलंय मा गो तुका?"

जानकीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. नीच होतं ते, आणि तिला ते कळत होतं.

सकाळी अंजनाबाई पिशवी घेऊन कठड्याला धरत जिना उतरू लागली. देवेश रिक्षा बघायला पुढे गेला होता. जानकी चौकटीला टेकून ऐकत राहिली. दुसऱ्या मजल्यावर रतननं विचारलं, "आजी, कुठे निघालात?"

"गावाक. सून बरी झाली आता. माझा हय काय काम?"

खाली जावं, म्हातारीचा हात धरावा, सगळ्यांदेखत खरं सांगावं, असं जानकीला फार वाटलं. पण चार मजले उतरायला गुडघे कुठून आणणार?

हाक मारायला गुडघे लागत नाहीत. तिनं हाक मारली नाही.