ठिगळामागची नऊ भोकं

एडाम या डच बंदरगावात वेंडेल्त्येच्या ठिगळाला तोड नव्हती. मोजा असो की शीड, तिनं सांधलेलं पुन्हा उसवत नसे. नवरा हार्मन सागरी नकाशे काढायचा. नकाशाच्या रेघांवरून सुईनं भोकं पाडलेला नमुन्याचा कागद ती कोऱ्या कातड्यावर अंथरायची, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची. खाली ठिपके उतरायचे, हार्मन ते शाईनं पक्के करायचा.

मार्चमधल्या एका सकाळी धूळ झटकायला तिनं जावाच्या वाटेचा नमुना खिडकीशी धरला. घडीपाशी नऊ भोकांतून उजेड यायला हवा होता. तिथं अंधार होता. जानेवारीत घडी फाटली, तेव्हा तिनंच मागून पिठाच्या खळीनं कागद डकवला होता. ती नऊ भोकं म्हणजे पाण्याखालचे खडक.

त्यानंतर या नमुन्यावरून एकच नकाशा उतरला होता. तो तिच्या धाकट्या भावानं, सीब्रांटनं नेला होता. सीब्रांट जहाजावर सुकाणू धरायचा आणि त्याचं जहाज टेक्सेल बेटाच्या नांगरवाड्यात, म्हणजे जहाजं नांगर टाकून थांबतात तिथं, पूर्वेच्या वाऱ्याची वाट बघत थांबलं होतं.

“अहो, शाई भरताना तुम्हाला दिसलं नाही?”

“ठिपकाच नाही, तर काय दिसणार?” हार्मन पांढरा पडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “बोभाटा करू नकोस. एकदा नाव गेलं की आपला नकाशा कुणी हातात धरणार नाही.”

“नाव तुमचं जाईल. भाऊ माझा जाईल.”

“सीब्रांट काय आंधळा आहे? पाण्याची खोली मोजत जातील.”

“मग नकाशा कशाला विकलात त्याला?”

बाहेर कपडे पश्चिमेकडं फडफडू लागले होते. वारा फिरला होता.

कोळ्याच्या होडीत मासळीच्या टोपल्यांमधे बसून ती टेक्सेलकडं निघाली. “ताई, नशीब काढलंत!” होडीवाला म्हणाला. “असा वारा महिन्यात मिळाला नव्हता.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोचली. नांगरवाडा निम्मा रिकामा होता. सीब्रांटचं जहाज पहाटेच सुटलं होतं. मागं राहिलेल्या एका जहाजावर अजून पाण्याची पिंपं चढत होती. तिथल्या म्हाताऱ्या सुकाणूवाल्याच्या हातात तिनं चिठ्ठी दिली. चिठ्ठीत वाटेच्या रेघेवर खडकांच्या जागी नऊ फुल्या होत्या.

“वाटेत केपच्या बंदरात गाठ पडली तर त्याला देईन,” तो म्हणाला. “चूक कुणाची म्हणून सांगू?”

“बहिणीची म्हणून सांगा.”

ती घरी परतली, तेव्हा हार्मननं नवा नमुना टोचायला घेतला होता. जावाहून बातमी यायला दीड वर्ष तरी लागणार होतं. जुन्या नमुन्याचं ठिगळ तिनं कोमट पाण्यानं सोडवलं आणि रोज सकाळी चूल पेटवण्याआधी तो कागद खिडकीशी धरू लागली. नऊच्या नऊ भोकांतून लख्ख उजेड यायचा. ती तरीही पुन्हा मोजायची.