टँकर गेल्यावर

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या ह्यांना कोण आनंद झाला! हे पेंटर. लातूरच्या दुकानांच्या पाट्यांवर जुना जिल्हा लिहिलेला, तो पुसून नवा लिहायचा, म्हणजे काम हातात आल्यासारखंच. डबे, ब्रश आणि मला घेऊन हे लोह्याकडच्या खेड्यातून लातूरला आले.

पण ओळख लागते. दुकानदाराला कधी गाठायचं, याचा ह्यांनी वहीत तक्ताच मांडला. सकाळी गेले तर, "आजून बोहनी न्हाई झाली, गिऱ्हाइकाआधी तुमचं काय?" दुपारी मालक गादीवर आडवे. संध्याकाळी दिवा लावायची वेळ, तेव्हा गल्ल्यासमोर रिकामं उभं राहिलेलं चालत नाही. एका कापडदुकानदारानं तर तिन्ही वेळा परत पाठवलं. हे घरी येऊन त्या त्या वेळेवर काट मारत आणि मी म्हणे, "आता मुहूर्तच काढून आणा."

मी टोमणे मारत होते खरी, पण मनात दिवस मोजत होते. महिनाअखेर काम मिळालं नाही तर गावी परतायचं ठरलं होतं आणि मला परतायचं नव्हतं. आम्ही बौद्ध. गावच्या विहिरीवर बायका आमच्या घागरीत उंचावरून पाणी ओतत, भांड्याला भांडं लागू देत नसत. इथल्या गल्लीलाही आमची जात ठाऊक होती. अजून आमच्या घरी कुणी आलं नव्हतं.

त्या वर्षी दुष्काळ. टँकर यायचा, पण कधी, ते त्याच्या ड्रायव्हरलाही सांगता येत नसे. एका सकाळी मी तापानं फणफणले. बायकांच्या रांगेत उभं राहायला हे लाजत होते, पण मी माझी पितळी घागर हातात देऊन दटावून पाठवलं. थोड्या वेळानं धावत आले, ब्रश आणि रंग उचलला आणि माझ्याकडे न बघताच पळाले.

झालं होतं असं, की सारख्या दिसणाऱ्या दोन घागरींवरून भांडण जुंपलं होतं. ह्यांनी दोन्हींवर नावं घातली. मग "माझ्याबी डब्यावर", "माझ्याबी" सुरू झालं. बनियनवर बादली घेऊन एक जण बघत उभा होता. तोच कापडदुकानदार. इथं ना गल्ला, ना गिऱ्हाईक, वाट बघण्यावाचून उद्योग नाही.

"अक्षर लई देखणं हाय हो तुमचं. आमची पाटी कवा करता?"

ह्यांनी सवयीनं विचारलं, "किती वाजता येऊ?"

तो हसला. "या की, टँकर गेल्यावर."

"काम मिळालं!" हे दारातूनच ओरडले. घागर रिकामी. नावं घालता घालता टँकर येऊन गेला होता. माझा घसा कोरडा पडलेला. मी इतकी चिडले की रडूच फुटलं. "पाणी आणायला पाठवलं होतं तुम्हाला!" हे मान खाली घालून उभे, बोटं रंगानं माखलेली.

तेवढ्यात दारात चार-पाच बायका आल्या. पुढं कापडदुकानदाराची बायको. "आमची नावं लिहीत बसले, अन् भाऊंचंच पाणी ऱ्हायलं," म्हणत ती आत आली आणि भरलेला तांब्या तिनं घागरीवर धरला. मी अंथरुणातून तिचा हात किती वर जातो ते बघत होते. तांब्याचा काठ माझ्या घागरीच्या काठाला लागला, खण्णकन वाजला, आणि तिनं तो तसाच टेकवून ठेवला, रिकामा होईपर्यंत.