कॉसमॉसला दिलेला ताण

फुलझाडांचे मला कधी वेड नव्हते. सौंसरला आमची पिठाची चक्की आहे, ती मी चालवते, आणि चक्कीवर उभ्या असलेल्या बाईला फुलांकडे बघायला सवड नसते. तरी मागच्या वर्षी पोळा झाल्यावर मी चक्कीमागच्या अंगणात कॉसमॉसचे बी टाकले. त्याला कारण माझे सासरे.

त्यांना मी मामाजी म्हणते. आमचा संत्र्याचा बगीचा लोधीखेड्याच्या बाजूला आहे. सासूबाई गेल्यावरही मामाजी तिथेच, शेतातल्या दोन खोल्यांत, एकटे राहत. नवरा इथून मोटरसायकलने जाऊन येऊन असे. उन्हाळ्यात ते विहिरीजवळ घसरून पडले, आणि नवरा पोचेपर्यंत उन्हात तसेच पडून होते. खुब्याचे हाड मोडले. नागपूरला ऑपरेशन झाले, हातात वॉकर आला, आणि डॉक्टरांनी बजावले की यांना यापुढे एकटे ठेवायचे नाही. आम्ही त्यांना घरी आणले.

आल्या दिवशीच त्यांनी सांगून टाकले, "मी डिसेंबरपर्यंतच हाय. आंबियाले ताण द्याची वेळ आली का चाललो."

संत्रा ज्यांच्या घरात नाही त्यांच्यासाठी सांगते. आंबिया बहार धरायचा तर थंडीत झाडाचे पाणी तोडतात. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, बघवत नाही. मग पाणी सोडले की तेच झाड फुलांनी भरून जाते. याला ताण देणे म्हणतात. कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाड जाते. मामाजी पानाची घडी घालून बघत आणि ताण पुरला का ते ठरवत. ते काम त्यांनी मुलाच्या हाती कधी दिले नव्हते.

"एकदा तिकडे राहायला गेले तर परत येणार नाहीत," नवरा म्हणे. "आणि पुन्हा पडले तर..."

तोवर मामाजी मागच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून भिंतीकडे बघत. जेवण निम्मे टाकत. डॉक्टरांनी चालायला सांगितले होते, तर मोरीपर्यंत जात आणि परत येत. कपड्यांची पिशवी खुंटीला भरलेलीच होती.

चक्कीवर गहू आणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी मला बियांची पुडी दिली. करपलेल्या जिऱ्यासारखे काळे, वाकडे बी. "काही करू नका," ते म्हणाले. "माती उकरा, टाका आणि विसरून जा." झाड पाळायची ही रीत मला परवडण्यासारखी होती. मामाजींच्या खुर्चीसमोरच मी माती उकरली.

"सुनबाई, काय पेरून राहिली?"

"फुलझाड आहे मामाजी."

"याले फळ काय येते?"

"फळ नाही येत."

"मंग काहाले?"

"भिंत बघून कंटाळा नाही येत तुम्हाला?"

"भिंतीवर रोग पडत नाई," ते म्हणाले.

पण रोपे वर आली आणि त्यांना राहवेना. खुर्चीवरूनच सूचना सुरू झाल्या. इथे दाट झाले, तिथले उपट. मुलाला सांगून शेणखत आणवले. मग मूठभर युरिया. सकाळी मी चक्की सुरू करायला गेले की पाण्याचा पाइप हातात. गुरुजींनी काहीच करू नका म्हटले होते, हे मी सांगून पाहिले.

"गुरुजी शाळेतले. लेकराले उपाशी ठेवते का कोणी?"

दसऱ्यापर्यंत झाडे माझ्या कंबरेला लागली. खोड अंगठ्याएवढे, पाला बारीक, भरगच्च, हिरवागार. कळी एक नाही. शेजारीण भिंतीवरून डोकावली.

"वहिनी, सोप भारी आली बाप्पा! लोणच्यात टाकाले मले पण द्या थोडी."

मी हसले. मामाजी हसले नाहीत. बागायतदाराच्या झाडाला नुसता पाला यावा आणि कोणी त्याला सोप, म्हणजे बडीशेप म्हणावे, हे त्यांच्या वर्मी लागले. दुसऱ्या दिवशी पाइप गुंडाळून ठेवलेला दिसला.

"पाणी बंद. ताण द्या लागते याले."

"हे संत्र्याचं झाड नाही मामाजी. चार महिन्यांचं पाहुणं आहे."

"झाड म्हंजे झाड."

बगीच्यात ताण देताना बुंध्याजवळची माती मोकळी करून मुळे थोडी उघडी पाडतात. त्यांनी नवऱ्याला खुरपे देऊन भिंतीलगतच्या ओळीची तशी मुळे उघडी करून घेतली. ती ओळ दोन-तीन उन्हांत वाळून काड्या झाली. मामाजींनी त्यातली एक काडी मोडून पाहिली.

"हे जरा जास्तच झालं," ते म्हणाले, आणि बाकीच्या ओळींना खुरपे लावू दिले नाही. पाणी मात्र बंदच.

या सगळ्यात एक गोष्ट झाली, जी डॉक्टरांना आणि आम्हाला जमली नव्हती. ताण किती बसला हे बघायला त्यांना जवळ जाणे भाग होते. म्हणून ते वॉकर घेऊन सकाळ-संध्याकाळ वाफ्याभोवती फिरू लागले. चालतात म्हणून भूक लागू लागली. पाने दोऱ्यासारखी, तरी चिमटीत धरून बघत आणि कुरकुरत, "याच्या पानाची घडीच होत नाई, लेकाची."

दिवाळीनंतर एका सकाळी चक्कीच्या घरघरीतही मला पत्रा बडवल्याचा आवाज आला. मामाजी पडले असे वाटून मी चालत्या दळणात मोटर बंद केली आणि धावले. ते उभे होते, वॉकरने दाराचा पत्रा ठोकत. समोर एक गुलाबी फूल उमलले होते, मागे कळ्याच कळ्या.

"बोलाव त्या सोपवालीले," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात सगळा वाफा गुलाबी, पांढरा, जांभळट झाला. गुरुजी दळण न्यायला आले तेव्हा मी त्यांना आत नेऊन दाखवले. हलक्या आवाजात ते म्हणाले, "दिवस लहान झाले की हे फुलतंच हो. युरियामुळे उलट उशीर झाला. सांगतो मी त्यांना."

"गुरुजी," मी म्हटले, "तुमचं पीठ तयार आहे."

डिसेंबर आला. मामाजी सकाळीच पिशवी मांडीवर घेऊन बसले. नवरा चहा पीत होता. फुले वाळत चालली होती, बी पिकून काळे पडत होते, आणि चिमण्यांना त्याचा पत्ता लागला होता.

"हे बियाणं कोण काढन?" मामाजींनी मला विचारले.

"मला चक्की आहे."

त्यांनी वाफ्यावरच्या चिमण्या हाकलल्या. मग मुलाला म्हणाले, "सकाळी नेऊन सोडत जा, सांजच्याले घेऊन येत जा. पिकलेलं बियाणं टाकून कसा जाऊ मी?"

तसेच झाले. ऑटोत बसून ते बगीच्यात जात, खुर्चीवर बसून पानाची घडी घालत, ती मुलालाही घालायला लावत, आणि संध्याकाळी परत येऊन अंधार पडेपर्यंत बी खुडत. संत्र्याला ताण बरोबर बसला. बहारही बरा आला.

गुरुजींचे मी आभार मानले, एका दळणाचे पैसे घेतले नाहीत. शेजारणीचेही मानायला हवेत, पण ती लगेच डोक्यावर बसेल. मामाजी अजून इथेच आहेत. या वर्षी त्यांनी मला बजावले आहे की याला युरिया द्यायचा नाही, जणू मीच दिला होता. ती पिशवी खुंटीलाच आहे. तिच्यातले कपडे त्यांनी एकेक करून बाहेर काढले. आता तिच्यात बी आहे.