पेचमामा आणि तीनचा आकडा

हिमाच्छादित उताराच्या पायथ्याशी स्की भाड्याने देणारे एक दुकान आहे. ओल्या मोज्यांचा आणि मेणाचा तेथे संमिश्र गंध. मागच्या बाकापाशी एक गृहस्थ तीस वर्षे गिऱ्हाइकांच्या पायांशी गुडघे टेकून बसत आले. त्यांना सारे पेचमामा म्हणत. बूट ज्या पकडीने स्कीला जखडतात, तिचा पेच बेताने कसणे हे त्यांचे कर्म. पडताना पकड सुटली तर माणूस हसत उठतो. न सुटली तर हाड मोडते. म्हणून नवशिक्याची पकड सैल हवी. वजन, उंची, वय आणि अनुभव यांवरून तक्त्यात आकडा निघतो, आणि पकडीवरच्या बारीक खिडकीत तो जुळवायचा असतो. आकडा जितका मोठा, तितकी पकड घट्ट.

परंतु अनुभव विचारला की मनुष्याचा अहंकार बोलू लागतो. "थोडंफार येतं," असे कोणी म्हटले की मामा विचारीत, "थोडं की फार?" मग हळूच सांगत, "अहो, पायाशी बसलेल्या माणसापासून काही लपवू नये. मोजे एकावर एक चढवू नका, एकच जोड पुरे. बूट घट्ट हवा, पण बोटं हलली पाहिजेत. पहिल्या दिवशी शिक्षकाचं ऐका, मित्राचं नको. मित्र माथ्यावर नेऊन सोडतो. तोल गेलाच तर कुशीवर पडा. पडण्यात लाज कसली?"

सत्याचा हा आग्रह धरणारे मामा स्वतः मात्र एक गोष्ट लपवून होते. गेल्या हिवाळ्यापासून त्यांच्या दृष्टीपुढे धुके दाटले होते. हाताच्या सवयीवर ते वेळ निभावून नेत. मालकिणीला सांगावे तर बाक सुटणार, आणि बाकावाचून त्यांना दुसरे जग नव्हते. न सांगावे तर... हे वाक्य ते मनातही पुरे करीत नसत.

एका सकाळी त्यांची भाची आली. स्कीवर पाय ठेवण्याची तिची पहिलीच वेळ.

"मामा, मला काहीएक येत नाही. आणि माझं वजन आईला सांगायचं नाही हं."

"तिचं तरी कुठे तुला सांगितलंय मी?"

तक्त्यात तीन निघाला. मामांनी नाक स्कीला टेकेपर्यंत वाकून पेच फिरवला. "झालं."

भाची पकडीच्या खिडकीत डोकावली. "किती म्हणालात?"

"तीन."

"हा आठ आहे."

"नीट बघ, तीनच असेल."

"आठ आहे, मामा. तुम्हाला दिसत नाहीये का?"

मामांनी पेचकस खाली ठेवला. "पोरी, सकाळपासून नऊ जोड्या गेल्यात माझ्या हातून."

"मग बसलात काय? उठा!"

मालकीण दाराशी बूट लावीत होती. मामा तिच्यापाशी गेले. "ताई, मला आकडे दिसत नाहीत. गेल्या हिवाळ्यापासून."

"आणि आज सांगताय?" तिने फोन उचलला. "उतारावर नेणारी लिफ्ट थांबवा. आमच्या स्की घातलेल्या सगळ्यांना खाली बोलवा."

बर्फात गुडघे टेकून मामा एकेका पायाशी बसले. भाची आकडा वाची, मालकीण पेच फिरवी. दोन पकडी चुकलेल्या निघाल्या.

"सकाळी झोपेत होतात का?" एकाने फटकारले.

"नाही, साहेब. जागाच होतो. दिसत नव्हतं, आणि बोललो नाही."

नववी जोडी मात्र येईना. लाल टोपीचे ते स्थूल गृहस्थ "मला काहीच येत नाही" असे आपण होऊन सांगणारे सकाळचे एकमेव गिऱ्हाईक होते. मामांना वर केवळ पांढरेपणा दिसत होता.

"दिसतात का गं?"

"नाही, मामा."

थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

बऱ्याच वेळाने लाल टोपी दिसली. स्की खांद्यावर टाकून गृहस्थ पायीच उतरत होते. "वर गेलो आणि धीरच सुटला," ते धापा टाकीत, हसत म्हणाले. "पडण्यात लाज नाही म्हणालात, पण मी पडायचंसुद्धा टाळलं!"

भाचीने त्यांच्या पकडीच्या खिडकीत पाहिले. पाचच्या जागी आठ.

मामांनी पेचकस मालकिणीच्या हाती दिला. तिने तो घेतला आणि परत केला नाही. ते गृहस्थ अजून हसत होते. त्यांच्या पायांशी बसलेले मामा कितीतरी वेळ उठलेच नाहीत.