आडनाव विचारल्यावर

मी लिहावं एवढी माझी पोच नाही, असं अजूनही वाटतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शब्द चुकले तर माफ करा. पण गप्प बसवत नाही.

"तू निरीक्षक नाहीस. तू नमुना आहेस."

मानसशास्त्राचे सर भर वर्गात मला म्हणाले. पोरं हसली.

नामांतराच्या दंगलीनंतरची ही वर्षं. परभणीच्या आमच्या कॉलेजात सर दर शनिवारी मन बिघडलेल्या तरुणांशी बोलायचे. बोलण्यानं माणूस बरा कसा होतो, यावर त्यांचा अभ्यास चालू होता. मी कोपऱ्यात बसून टिपणं काढायचो.

सर आधी आडनाव विचारायचे. सेलूकडच्या एखाद्या बागायतदाराचा मुलगा असला की मामा-काकांच्या ओळखी निघायच्या. चहा यायचा. पोरगं हसायचं, मग रडायचं, मोकळं व्हायचं. आम्हा बौद्धांचं आडनाव आलं की सर नुसतं "बरं" म्हणायचे. चहा नाही. पोरगं खाली बघत बसायचं.

पूर्णेच्या एका रेल्वे खलाशाचा मुलगा यायचा. दंगलीत त्याच्या आजोळचं घर पेटवलं, तेव्हा तो आत होता. सरांपुढं तोंड उघडायचा नाही. बाहेर पायरीवर मी शेजारी बसलो, तर म्हणाला, "दादा, डोळे मिटले की पत्रे तडतडायलेत." पुढच्या शनिवारी आणखी थोडं बोलला. सरांना कळलं. त्याच्याशी बोलायचं नाही, असा हुकूम झाला. मी मुकाट ऐकलं. पोरगा यायचा बंद झाला.

मग त्या दिवशी सर वर्गात निष्कर्ष सांगायला लागले. या समाजातल्या मुलांना मन उघडायची सवय नसते, त्यांच्यावर हा उपचार चालत नाही.

मी वही मिटली. उठून म्हणालो, सर, एकदा त्यांनाही चहा देऊन बघा.

त्यावर ते नमुन्याचं बोलले. बस खाली, म्हणाले.

मी बसलो नाही. "मग नमुन्यालाच विचारा ना सर, तो गप्प का होतो."

त्यांनी विचारलं नाही. मला अभ्यासातून काढलं. सरांच्या निबंधाचं कौतुक झालं म्हणे. मी पूर्णेकडच्या प्रत्येकाजवळ त्या पोराची चौकशी करत राहिलो. कुणाला धड सांगता येईना.

काल त्याचा बाप स्वतः मला शोधत कॉलेजच्या फाटकात उभा होता.

"लेकरू आता घरात बी बोलत न्हाई," म्हणाला. "मायशी बी न्हाई."

उद्या मी पूर्णेला जाणार. तो बोलेपर्यंत जात राहणार. आणि त्याला गप्प कुणी केलं, ते सरांच्या तोंडावर, त्याच वर्गात, उभा राहून सांगणार.